पाऊण टनी लष्करी डॉज: पार्ट ओळखण्यापासून गाडी रस्त्यावर येईपर्यंत

मराठवाड्यात दुसऱ्या महायुद्धातली डॉज सापडली, तर ती बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात, शेतवस्तीवर बाभळीखाली, नाहीतर भंगारच्या यार्डात सापडते. पहिल्या दोन ठिकाणी विचार करायला वेळ मिळतो. यार्डात मिळत नाही. जालन्याच्या स्टील मिलच्या भट्ट्या जवळ आहेत आणि गॅस कटरने कापून भट्टीत गेलेलं ॲक्सल हाउसिंग पुन्हा कुठे मिळत नाही. म्हणून अशी गाडी दिसली की आधी टोकन द्या आणि ओळख पटवण्याचं काम सावकाश करा.

हा लेख डब्ल्यूसी-५१ आणि डब्ल्यूसी-५२ या दोन मॉडेलबद्दल आहे. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९४२ ते १९४५ या काळात बनलेले हे पाऊण टनी, म्हणजे पाऊण टन माल वाहणारे, चारही चाकांना ताकद जाणारे ट्रक. युद्ध संपलं तेव्हा भारतात असलेल्या अमेरिकन गाड्या मोठ्या संख्येने इथेच डिस्पोजलमध्ये निघाल्या. कुणी त्यांचे मालट्रक केले, कुणी पाण्याच्या टाक्या चढवल्या, काही भारतीय लष्करात राबल्या. त्यामुळे आज हातात येणारी डॉज एका सालाची नसते. चेसिस १९४३ ची, इंजिन १९५० च्या दशकातलं, डायनामो कुठल्या तरी ट्रॅक्टरचा आणि पतरा गल्लीतल्या वेल्डरचा, अशी ती असते. कोणता भाग मूळचा, कोणता चांगल्या हाताने बदललेला आणि कोणता नुसता ठोकून बसवलेला, हे समजेपर्यंत एकही नवा पार्ट मागवू नका. माझ्या मते अर्धं काम इथेच आहे आणि बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात.

कागद आधी

गाडी कितीही मनात भरली तरी कागद पाहिल्याशिवाय व्यवहार पूर्ण करू नका. डिस्पोजलचा किंवा लिलावाचा कागद, जुनं आरसी बुक, ते नसेल तर मूळ मालकाच्या वारसांचं लेखी हमीपत्र, आणि चेसिस व इंजिन नंबरचा पेन्सिल घासून घेतलेला ठसा. हा ठसा तुम्ही स्वतः घ्या, विकणाऱ्याने दिलेला चालवून घेऊ नका.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, वैयक्तिक वापराची दुचाकी आणि चारचाकी वाहनं त्यात येतात. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा अशी अट आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, फेरनोंदणीला ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला परवानगी नाही. नियमाची भाषा वैयक्तिक वापराच्या चारचाकीची आहे आणि तुमच्या डॉजची जुनी नोंद मालवाहू म्हणून असण्याचा संभव मोठा. म्हणून इंजिन उघडण्याआधी आरटीओत जाऊन बसा आणि उत्तर लेखी मागा.

टेप लावा

पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत माप घ्या. डब्ल्यूसी-५१ आणि ५२ चा व्हीलबेस ९८ इंच, म्हणजे ८ फूट २ इंच आहे. टेप १२६ इंच दाखवत असेल, तर समोर डॉजचीच युद्धानंतरची नागरी पॉवर वॅगन उभी आहे. तिचे बरेच पार्ट याच घराण्यातले असले तरी गाडी वेगळी. ९८ आणि १२६ च्या मध्येच कुठेतरी माप आलं, तर चेसिस कापून वाढवलेली असू शकते. माल जास्त बसावा म्हणून आपल्याकडे हे सर्रास केलं जायचं. चेसिसच्या आतल्या बाजूने हात फिरवा. मूळ जोड रिव्हेटचे असतात, डोकी गोल आणि एकसारखी. मध्येच पट्टी आणि वेल्डिंगचा ओघळ लागला, की जोड कुठे आहे ते समजलंच.

दोन्ही तिरपी मापं घ्या: डाव्या पुढच्या कमानीच्या (पाट्यांच्या स्प्रिंगच्या) पिनपासून उजव्या मागच्या पिनपर्यंत, मग उलट. दोन मापांत पाव इंचाहून जास्त फरक असेल तर चेसिस वाकलेली आहे. ती सरळ होते, पण त्यासाठी ट्रक बॉडीचं काम करणाऱ्या मोठ्या शॉपमध्ये जावं लागतं.

पुढे विंच (दोर गुंडाळून भार ओढणारं यंत्र) असेल तर ५२, नसेल तर ५१, असं सगळे सांगतात. विंच काढून विकलेलीही असते, म्हणून चेसिसचं पुढचं टोक पाहा. ५२ मध्ये विंच बसवण्यासाठी ते लांब ठेवलेलं आहे.

ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी, तीही पाहून घ्या. या पाऊण टनी गाड्यांत ती एकाच गतीची आहे, तिचा लिव्हर फक्त पुढचा ॲक्सल जोडतो आणि सोडतो. हाय-लो असे दोन गिअर मिळाले, तर ट्रान्सफर केस सहाचाकी डॉजमधून किंवा पॉवर वॅगनमधून आलेली आहे. चालायला ती चांगलीच, फक्त तिचे बेअरिंग आणि सील मागवताना यादी दुसरी लागेल.

अंक कुठे शोधायचे

ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर धातूच्या पट्ट्या असायच्या: मॉडेल, सिरियल नंबर, गिअरनुसार वेगमर्यादा. बहुतेक गाड्यांत त्या गेलेल्या असतात. चार रिव्हेटची भोकं मात्र असतात. बाजारात नव्या पट्ट्या मिळतात. नवीकोरी पट्टी दिसली तर तिच्यावरच्या नंबराला पुरावा मानू नका. चेसिसच्या पुढच्या टोकाजवळ दोन्ही बाजूंचा रंग तारेच्या ब्रशने हलकेच काढा आणि ठोकलेला नंबर शोधा. इथे ग्राइंडर लावायचा नाही. एकदा घासला गेलेला नंबर आरटीओच्या दृष्टीने संशयास्पद ठरतो.

इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पुढे, डायनामोच्या वरच्या अंगाला असलेल्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. लष्करी पाऊण टनीचा इंजिन नंबर ‘टी २१४’ ने सुरू होतो. अक्षरं वेगळी असतील तर इंजिन कारचं किंवा नागरी ट्रकचं आहे.

ठोकलेल्या नंबराशिवाय ओतकामात उमटलेली तारीखही ब्लॉकवर मिळते. ती अमेरिकन पद्धतीची असते, आधी महिना, मग दिवस, मग साल. ८-४-४३ दिसलं तर तो ऑगस्टचा ४ तारखेचा ब्लॉक आहे, एप्रिलचा नव्हे. ओतकामाची तारीख गाडीच्या तारखेच्या काही आठवडे आधीची असणं स्वाभाविक आहे. नंतरची असेल तर ब्लॉक बदललेला आहे. ओतकामावरचा नंबर आणि पार्ट नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओतकामाचा नंबर सांगून पार्ट मागवला तर चुकीचा माल येतो. पार्ट नंबरसाठी अमेरिकन लष्कराची जी-५०२ ही यादी आणि दुरुस्तीसाठी टीएम ९-८०८ हे मॅन्युअल, दोन्ही छापून गॅरेजमध्ये टांगा. मोबाइलच्या पडद्यावर ऑइलच्या बोटांनी आकृती मोठी करत बसणं नको.

आता हेडची, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणाची, लांबी. डॉज बनवणाऱ्या क्रायस्लरच्या साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला) सहा सिलिंडर इंजिनांची दोन घराणी आहेत, एकाचं हेड साधारण २३ इंच लांब आणि दुसऱ्याचं २५ इंच. टी २१४ हे २३ इंची आहे: २३० घनइंच, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) सव्वातीन इंच, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४. कॅनडातून आलेली इंजिनं बहुधा २५ इंची. पिस्टन, हेड पॅकिंग, क्रँक यातलं काहीही एकाचं दुसऱ्याला बसत नाही. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने युद्धानंतर डॉज, डीसोटो, फार्गो या गाड्या काढल्या, त्यामुळे या घराण्याचे सुटे भाग जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत धूळ खात पडलेले अजून मिळतात. दुकानदाराला ‘डॉजचं पॅकिंग द्या’ म्हणू नका. टेप घेऊन जा. आणि बॉनेटखाली पर्किन्सचं डिझेल इंजिन निघालं तर नाराज होऊ नका. पेट्रोल परवडेना तेव्हा कितीतरी मालकांनी ते बसवलं आणि त्यावरच गाडी पुढची वीस-पंचवीस वर्षं जगली. ते ठेवायचं की मूळ इंजिन शोधायचं हा तुमचा निर्णय. मी ते ठेवण्याच्या बाजूचा आहे, इंजिन माउंटिंगसाठी चेसिस कापलेली नसेल आणि व्हिंटेज नोंदणीच्या अटीत ते अडत नसेल तर.

आटे

या गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान गंजाने होत नाही, चुकीच्या बोल्टने होतं. अमेरिकन गाडी इंचात बनलेली आहे. आपल्या मिस्त्र्यांची जुनी पिढी सुतात मोजते: १ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ४ सुती म्हणजे अर्धा इंच, ३ सुती म्हणजे तीन-अष्टमांश. हे माप इथे अगदी उपयोगाचं आहे. नव्या पिढीच्या पेटीत मात्र फक्त मिलिमीटरचे पाने असतात.

अडीच सुती बोल्टचा व्यास ७.९४ मिमी. आठच्या मेट्रिक बोल्टचा ८. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण अडीच सुती बारीक आट्यांत इंचाला २४ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.०६ मिमी, मेट्रिक आठमध्ये ते १.२५. दोन-तीन फेरे बोल्ट गोडीने जातो, मग अडतो. ‘बसतोय की भाऊ, थोडा जोर लावतो’ असं मिस्त्री म्हणाला की तिथेच त्याचा हात धरा. त्या जोराने ओतीव लोखंडातले आटे मरतात आणि मग भोक मोठं करून बुश टाकावा लागतो.

ब्रिटिश बोल्टचा धोका वेगळा. आपल्या बाजारात जुना व्हिटवर्थ माल भरपूर आहे. ३ सुतीत अमेरिकन जाड आटे आणि व्हिटवर्थ, दोघांतही इंचाला १६ आटे. नट फिरतो, बसतोही. पण अमेरिकन आट्याचा कोन ६० अंश आणि व्हिटवर्थचा ५५, म्हणून पकड कडेच्या रेषेवरच राहते आणि थरथरीने सुटते. ४ सुतीत अमेरिकन १३ आणि व्हिटवर्थ १२, तिथे तो लगेच अडकतो, एवढं बरं.

थ्रेड गेज घ्या, इंची आणि मेट्रिक दोन्ही. प्रत्येक बोल्ट काढला की गेज लावा. मूळ बोल्ट असतील ते डिझेलमध्ये धुऊन, ब्रश मारून, जिथले तिथे परत लावा. नवे मागवाल तर आजच्या युनिफाइड मालिकेतले, बारीक जागी बारीक आणि जाड जागी जाड. ते या जुन्या अमेरिकन आट्यांना तंतोतंत बसतात. छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा-वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला माल देणारे फास्टनरवाले आहेत, तिथे हाय टेन्साइल बोल्ट मागा. स्टिअरिंग, ब्रेक आणि कमानीच्या यू बोल्टवर बाजारातला साधा पिवळा बोल्ट लावू नका.

डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर ‘एल’ अक्षर ठोकलेलं दिसेल. ते न पाहता पाइप घालून जोर मारला की स्टड तुटतो.

खोलायची पद्धत

प्रत्येक जोड खोलण्याआधी चार बाजूंनी फोटो. प्रत्येक पार्टला ॲल्युमिनियमच्या पत्र्याची छोटी पट्टी तारेने बांधा आणि पट्टीवर पंचाने नंबर ठोका. कागदाचं लेबल डिझेलमध्ये टिकत नाही. वहीत त्या नंबरापुढे लिहा: कुठून काढला, मूळचा की बदललेला, झीज किती, पुढे काय करायचं.

अडकलेल्या बोल्टवर ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि ॲसिटोन समान प्रमाणात मिसळून दोन-तीन दिवस रोज सोडा. ॲसिटोन पेट घेतं, म्हणून तापवण्याआधी ते पुसून, वाळवून घ्या. मग बोल्टच्या आजूबाजूची जागा तापवा आणि बोल्टच्या मुळाशी मेणबत्ती टेकवा. पातळ झालेलं मेण आट्यांत शिरतं. पाना लावल्यावर आधी किंचित आवळा, मग सोडा. आवळताना गंज फुटतो.

गाडीखाली काम करताना जॅकवर भरवसा नको. जाड लोखंडी घोड्या, त्याही फरशीवर किंवा जाड फळ्यांवर. काळ्या मातीच्या अंगणात पाऊस पडून गेल्यावर घोडी एका बाजूने रुतते आणि ही गाडी अडीच टनांची आहे.

गंज: मळी, काकवी आणि सोडा

सँड ब्लास्टिंग झटपट होतं, पण पातळ पतरा त्याने वाकतो आणि इंजिनच्या भागात वाळू अडकून राहते. ते चेसिस आणि रिमसाठी ठेवा. कंस, बिजागऱ्या, लिव्हर, पेडल, हाउसिंगची झाकणं यांच्यासाठी आपल्या ऊसपट्ट्यात सोपा उपाय आहे: मळी.

मळीत पातळ गंज विरघळवण्याचा गुण आहे आणि चांगल्या लोखंडाला ती फारशी लागत नाही. १ भाग मळी, ९ भाग पाणी, प्लास्टिकचा झाकणाचा पिंप. पार्टवरचं ग्रीस आधी पूर्ण काढा, ग्रीसखालचा गंज सुटत नाही. एक ते तीन आठवडे बुडवून ठेवा, मध्ये एकदा काढून ब्रशने धुवा. कारखान्याच्या मळीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असतं, म्हणून ती अशीच कुणाकडून आणू नका. पशुखाद्याच्या दुकानातली किंवा गुऱ्हाळातली काकवी वापरा, थोडी महाग पडते. उन्हाळ्यात काम लवकर होतं आणि वासही तितकाच येतो. पिंप घरापासून लांब आणि झाकण बंद, कारण गोड वासाने जनावरं तोंड घालतात. ॲल्युमिनियम, जस्त आणि कार्बोरेटरचे भाग यात टाकू नका, ते खाल्ले जातात. पार्ट बाहेर काढला की पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून लगेच ऑइल किंवा प्राइमर लावा. तासाभरातच पिवळी छटा चढू लागते.

खोल गंजासाठी बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा. बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे सोडा, उणे टोक पार्टला, अधिक टोक भंगारच्या साध्या लोखंडी पट्टीला. स्टेनलेसची पट्टी कधीच नको, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. हे उघड्यावर करा, कारण हायड्रोजन वायू सुटतो. चार्जर बंद केल्याशिवाय टोकं काढू नका, ठिणगी पडते. कमानपाटे आणि कडक केलेले बोल्ट या पाण्यात किंवा ॲसिडमध्ये घालू नका. हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होतं आणि पाटा भरल्या गाडीत तुटतो.

इंजिन: पाण्याची नळी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका

या इंजिनाची एक खोड मराठवाड्यात विशेष महागात पडते. वॉटर पंप काढला की ब्लॉकच्या आत, लांबीभर जाणारी एक पातळ पत्र्याची नळी दिसते. तिला खाचा आहेत. पंपाचं थंड पाणी या खाचांतून थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जागांवर पडतं, सहाही सिलिंडरला सारखं. नळी गंजून पुढेच फुटली की सगळं पाणी पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरपाशी वर चढतं आणि मागचे सिलिंडर कोरडे तापतात. मग पाचव्या-सहाव्याचे व्हॉल्व्ह जळतात, सीटपासून बोअरपर्यंत तडा जातो. लोक रेडिएटर बदलतात, पंखा बदलतात, थर्मोस्टॅट काढून फेकतात; नळीकडे कुणी पाहत नाही, कारण ती बाहेरून दिसतच नाही.

रेडिएटर आणि पंप काढा. सळईच्या टोकाला आकडा करा, नळीच्या खाचेत अडकवा आणि सरळ ओढा. सहसा ती तुकड्यांनी येते, खपल्या पडतात, मागे लाल चिखल असतो. नळीचं माप आणि खाचांची जागा तुकडे जुळवून कागदावर उतरवून घ्या. नवी पितळी नळी मिळत असेल तर उत्तम. नसेल तर तांबटाकडून पितळी पत्र्याची करून घ्या, खाचा मूळ जागीच. बसवण्याआधी ब्लॉकच्या बाजूच्या गोल टिकल्या (पाण्याच्या जागेची पत्र्याची झाकणं) काढा, आतला गाळ तारेने खरवडून पाण्याच्या जोराने धुवा. बोअरवेलचं जड पाणी वर्षानुवर्षं टाकलेलं असतं, त्याचा पांढरा थर बोटभर मिळतो. यापुढे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असताना दुसरा पर्याय नाही.

तडा शोधायला लॅब लागत नाही. ब्लॉक स्वच्छ करून संशयाच्या जागी रॉकेल किंवा डिझेल चोपडा, अर्धा तास थांबा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. तड्यात शिरलेलं तेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. व्हॉल्व्ह सीट आणि बोअर यांच्यामधली अरुंद जागा आधी तपासा. बारीक तडा मेटल स्टिचिंगने (तड्यावर ओळीने पिना बसवून) किंवा आधी तापवून निकेल रॉडने भरता येतो. ओतीव लोखंडावर साधा वेल्डिंग रॉड मारणाऱ्याला ब्लॉकजवळ येऊ देऊ नका.

बोअरची झीज वर, मध्ये आणि खाली, आडवी-उभी मोजा. ओव्हरसाइज पिस्टन २०, ३०, ४० आणि ६० हजारांश इंचाचे असतात. पिस्टन हातात आल्यावरच बोअरिंगला द्या. एक्झॉस्टच्या सीट मुळातच कडक पोलादाच्या बसवलेल्या आहेत, त्यामुळे शिसं नसलेल्या पेट्रोलची चिंता नको. इथेनॉलची करा: २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या फुगतात, दोन्ही इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या.

हेड बसवताना बोल्टना सीलंट लावा, कारण त्यांची भोकं आत पाण्याच्या जागेत उघडतात. मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना, तीन टप्प्यांत, शेवटी टॉर्क ६५ ते ७० फूट-पौंड. प्लगचा गॅप २५ हजारांश इंच, डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटचा २०.

चाकं, ॲक्सल, ब्रेक

हा भाग नीट वाचा, इथे जीव जातो. या गाडीचं कॉम्बॅट रिम दोन अर्ध्यांचं असतं, बोल्टने एकत्र आवळलेलं. नटांची दोन वर्तुळं दिसतात: एक चाक हबला धरतं, दुसरं रिमचे दोन अर्धे धरतं. हवा भरलेली असताना दुसऱ्या वर्तुळाचे नट सोडले तर रिम तोफेसारखं उडतं. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या, तार घालून व्हॉल्व्ह मोकळा आहे याची खात्री करा, मगच चाकाला हात लावा. पंक्चरवाल्याला हे समोर उभं राहून सांगा आणि रिमच्या नटांना लाल रंग द्या. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात.

पुढच्या ॲक्सलच्या टोकांच्या गोळ्यांत चाक वळलेलं असतानाही ताकद पोचवणारा सांधा असतो. सील गेलेला असेल तर ग्रीसऐवजी काळ्या मातीची पेस्ट निघते. ती पूर्ण धुवा. सांध्याच्या छर्ऱ्यांवर किंवा खाचांवर खड्डे पडले असतील तर सांधा बदला. गोळ्याच्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे असतील, तर नवा सील महिनाभरही टिकणार नाही. आधी गोळा घासून किंवा भरून गुळगुळीत करून घ्या.

ब्रेक हायड्रॉलिक आहेत. मास्टर आणि व्हील सिलिंडर गंजलेले असले तरी फेकू नका, लेथवर मोठे करून पितळी किंवा स्टेनलेस स्लीव्ह घाला. हे काम चिकलठाण्याच्या कोणत्याही चांगल्या टूलरूमला जमतं आणि बाहेरून मागवलेल्या नव्या सिलिंडरपेक्षा चांगलं होतं. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रमवर हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला चांगला मास्क लावा. पाइप सगळे नवे.

५२ च्या विंचला एक मऊ पोलादाची शिअर पिन असते. भार जास्त झाला की ती तुटते आणि गिअर वाचतो. पिन सारखी तुटते म्हणून हाय टेन्साइल बोल्ट घातलेला असतो, तो काढून टाका.

वीज

मूळ गाडी ६ व्होल्टची आहे. ‘सेल्फ दमाने फिरतो’ ही तक्रार बहुतेक वेळा केबलची असते: ६ व्होल्टला दुप्पट करंट लागतो आणि लोक १२ व्होल्टची बारीक केबल लावतात. ५० चौरस मिमीची तांब्याची केबल टाका, इंजिन ते चेसिस जाड अर्थिंग द्या. बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते गाडीवरच्या जुन्या जोडणीवरून ठरवा. मीटरच्या काट्यांवर चमकणारा जुना रंग असेल तर खरवडू नका. त्या काळी अशा रंगात रेडियम वापरत. काच बंदच राहू द्या.

रंग

पतऱ्यावर बारीक पॉलिश पेपर पाण्याने गोलाकार घासत मध्यभागी खोल जा. रंगांची वर्तुळं एकात एक दिसू लागतात: वरचा निळा किंवा लाल, खाली मालवाहतुकीच्या दिवसांचा पिवळा, खाली लष्करी हिरवा, तळाशी प्राइमर. बॉनेटच्या कडेवर हे फार काळजीने करा. अमेरिकन लष्करी नंबर तिथे असायचा आणि या वर्गाच्या गाड्यांचा नंबर २ ने सुरू होतो. हिरव्या थरात बाण आणि त्याच्या बाजूला सालाचे दोन अंक आले, तर गाडी भारतीय लष्करातही होती. सापडलेली जागा फोटो काढून पारदर्शक वार्निशखाली जपा.

आता अडचण. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखलेला आहे. खासगी गाडीला तो दिला तर नाक्यावर अडवतील आणि ते बरोबरच असेल. बाणाचा नंबरही रंगवायचा नाही. रस्त्यावर चालवायची डॉज मी तिच्या नागरी आयुष्यातल्या रंगात ठेवावी म्हणतो: थरांत सापडलेला पिवळा किंवा राखाडी, जुन्या मालकाचं गाव मागच्या फळीवर रंगवलेलं असेल तर तेही तसंच. तोही तिचाच इतिहास आहे. मूळ हिरवा सीटखाली आणि ग्लोव्ह बॉक्सच्या आत राहू द्या.

पहिली फेरी

सेल्फ मारण्याआधी प्लग काढून इंजिन फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा हलला पाहिजे. गरम इंजिनावर चालत्या वेगात ३० ते ४५ पौंड प्रेशर ठीक. पहिली फेरी पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीने. गिअर सिंक्रोचे नाहीत, डबल क्लच लागतो, म्हणजे गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो. डांबरी रस्त्यावर पुढचा ॲक्सल जोडू नका. मधलं डिफरन्शियल नसल्याने वळणावर ताण थेट जॉइंट क्रॉसवर येतो. मूळ वेगमर्यादा ताशी ५४ मैल, म्हणजे ८७ किमी आहे. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ५० च्या वर नेऊ नका. दर १० किमीला थांबून चारही ड्रमना हात लावा. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तिथला ब्रेक चिकटतोय. ५० किमीनंतर गाडी पूर्ण थंड झाल्यावर हेडचे बोल्ट, यू बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा, डाव्या बाजूचे उलटे. ३०० किमीला ऑइल बदला आणि काढलेलं ऑइल जुन्या सुती धोतराच्या फडक्यातून गाळून पाहा; फडक्यावर पांढरी चकाकी दिसली, तर ऑइल पॅन उतरवून बेअरिंग तपासल्याशिवाय पुढे चालवू नका.